डब्लिनचा जॉन कूपर: एकाच खलाशाला दोनदा मेडल ऑफ ऑनर

गलबतवाला

अमेरिकन यादवी युद्ध म्हटलं की आपल्याकडे लिंकन, गेटिसबर्ग आणि गुलामगिरी एवढ्यावर गाडी थांबते. त्या युद्धातलं आरमार कुणाला आठवत नाही, आणि आरमारातले तोफेवरचे, बॉयलरसमोरचे, दारूगोळा वाहणारे लोक तर त्याहून नाही. म्हणून हा धागा.

जॉन कूपर, जन्म डब्लिन, १८२८. खरं नाव जॉन लेव्हर मॅथर. अमेरिकेच्या आरमारात मात्र तो कूपर म्हणूनच वावरला आणि दोन्ही पदकं त्याच नावावर आहेत. मेडल ऑफ ऑनर हा तिथला सर्वोच्च शौर्य सन्मान. आजवर तो दोनदा मिळालेली माणसं फक्त १९, त्यातला हा एक.

पहिलं पदक ५ ऑगस्ट १८६४ च्या मोबील बेच्या लढाईसाठी. मोबील हे अलाबामातलं बंदर, गुलामगिरी राखू पाहणाऱ्या फुटीर दक्षिणेच्या ताब्यातलं; कूपर उत्तरेच्या, म्हणजे लिंकनच्या बाजूच्या आरमारात. कूपर तेव्हा 'ब्रुकलिन' या युद्धनौकेवर कॉक्सवेन होता, म्हणजे साधारण आपल्या तांडेलाच्या जवळचा हुद्दा. मानपत्रात लिहिलंय की जहाजाचं जबर नुकसान होऊनही, डेकवर माणसं पडत असतानाही, त्याने लढाई संपेपर्यंत आपली तोफ कौशल्याने आणि धैर्याने चालवली.

दुसरं पदक पुढच्या वर्षी, मोबील शहर शरण आल्यानंतरचं. शहरात भीषण आग लागली होती आणि तोफगोळे फुटत होते. कूपर त्या वेळी अॅडमिरल थॅचरच्या हाताखाली क्वार्टरमास्टर होता. तो आगीत शिरला, एका जखमी माणसाला पाठीवर घेतलं आणि सुरक्षित जागी आणलं. मानपत्रात हा सगळा प्रकार एका वाक्यात उरकलाय.

माझं मत आधीच सांगून टाकतो: दुसरं पदक पहिल्यापेक्षा मोठं आहे. वाद घालायचा तर घाला.

सोनचाफा

छान विषय. पण मानपत्रातली भाषा वाचून प्रश्न पडला. 'तोफ धैर्याने चालवली' हे तर त्या दिवशी जहाजावरच्या प्रत्येकानेच केलं असेल ना? कूपरने वेगळं काय केलं?

गलबतवाला

सोनचाफाताई, बरोबर पकडलंत. त्या लढाईसाठी एकट्या 'ब्रुकलिन'वरच्या २३ जणांना पदक मिळालं आणि त्यातली बरीच मानपत्रं शब्दाला शब्द सारखी आहेत. नाव आणि हुद्दा बदलला की झालं काम. कारकुनाने एक नमुना लिहिला आणि बाकीच्यांसाठी उतरवून काढला, असं वाटावं.

पण मजकूर सारखा आहे म्हणून प्रसंग किरकोळ ठरत नाही. 'ब्रुकलिन'चं त्या दिवशी काय झालं ते पाहिलं की कळतं. सविस्तर लिहितो, कारण या लढाईतला सगळ्यात चमत्कारिक भाग तोच आहे.

मोबीलच्या आखाताचं तोंड अरुंद. उजव्या हाताला फोर्ट मॉर्गन, डावीकडे डॉफिन बेटावर फोर्ट गेन्स. मधल्या पाण्यात दक्षिणेच्या सैन्याने सुरुंग पेरून ठेवलेले. तेव्हा पाण्यातल्या सुरुंगांनाच टॉर्पेडो म्हणत. आजच्यासारखे सोडायचे टॉर्पेडो नव्हते. मोकळी वाट राहिली ती फोर्ट मॉर्गनच्या तोफांच्या अगदी नाकाखालून.

उत्तरेच्या ताफ्याचा प्रमुख अॅडमिरल फॅरागट, त्याच्याकडे १४ लाकडी जहाजं आणि ४ चिलखती मॉनिटर. मोठी लाकडी जहाजं त्याने छोट्या जहाजांशी जोडीजोडीने बांधली. मोठं जहाज किल्ल्याच्या बाजूला, धाकटं त्याच्या आडोशाला. मोठ्याचं इंजिन बंद पडलं तर धाकट्याने ओढून न्यायचं. पहिली जोडी 'ब्रुकलिन' आणि 'ऑक्टोरारा'. 'ब्रुकलिन'ला पुढे ठेवलं कारण तिच्या नाळेवर पुढच्या दिशेने मारा करणाऱ्या चार तोफा होत्या आणि सुरुंग बाजूला सारायचं एक यंत्र बसवलेलं होतं.

मारा सुरू झाला आणि 'टेकम्सेह' ही मॉनिटर सुरुंगावर गेली. दोन-तीन मिनिटांत बुडाली, नव्वदहून जास्त माणसांसकट. तिचा कप्तान क्रेव्हन याने शिडीपाशी पायलटला आधी जाऊ दिलं. पायलट वाचला, कप्तान गेला.

हे सगळं 'ब्रुकलिन'च्या डोळ्यांसमोर. तिचा कप्तान आल्डेन याला पुढे पाण्यात संशयास्पद तरंगती पिंपं दिसली. त्याने जहाज थांबवलं आणि मागे घ्यायला लागला. किल्ल्याच्या तोफांसमोर! मागून फॅरागटची 'हार्टफर्ड' आणि बाकीची जहाजं येतायत, वाट तुंबली, आणि समोरचे गोलंदाज एका जागी उभ्या असलेल्या लक्ष्यावर गोळे टाकतायत. फॅरागटने शेवटी 'हार्टफर्ड' बाजूने काढून सरळ सुरुंगांवरूनच नेली. 'सुरुंग गेले खड्ड्यात' हा त्याचा प्रसिद्ध उद्गार याच क्षणाचा, नेमके शब्द काहीही असोत. सुरुंग बराच काळ पाण्यात राहून निकामी झाले होते, म्हणून बचावले.

आता कूपरच्या जागी उभं राहून पाहा. त्या काळची नऊ इंची डालग्रेन तोफ चार टनांहून जड, ती ओढायला, भरायला, डागायला पंधरा-सोळा माणसं. जहाज का थांबलंय हे तोफेवरच्या माणसाला माहीत नाही. वर अधिकारी काय ओरडतायत ते ऐकू येत नाही. शेजारचा पडला की त्याची जागा दुसऱ्याने घ्यायची आणि तोफ पुन्हा भरायची. त्या दिवशी 'ब्रुकलिन'वर ११ मेले, ४३ जखमी झाले. आणि हे पार करून आत गेल्यावर दक्षिणेची 'टेनेसी' ही चिलखती नौका समोर उभी, तिच्याशी पुन्हा सगळं पहिल्यापासून. सकाळी दहाच्या सुमारास ती शरण आली.

तिरकस

मालक, वर्णन झकास. पण थोडं पाणी ओततो. त्या युद्धात ही पदकं खिरापतीसारखी वाटली गेली होती. मेन राज्याच्या २७ व्या पलटणीला थोडे दिवस जास्त थांबायला राजी व्हावं म्हणून पदक देऊ केलं आणि शेवटी ८६४ नावांवर ते चढलं. लिंकनच्या अंत्ययात्रेतल्या पहारेकऱ्यांनाही दिलं. पुढे १९१७ साली ९११ नावं यादीतून खोडावी लागली. तेव्हा कूपरची दोन पदकं म्हणजे आजच्या हिशोबाने किती?

जुनी_वही

तिरकस, ती ९११ नावं लष्कराच्या यादीतली होती. आरमाराच्या यादीला त्या छाननीत हात लागला नाही. ते दोन वेगळे कायदे होते.

आरमाराचा कायदा आधीचा, २१ डिसेंबर १८६१. सिनेटर ग्राइम्स यांनी मांडला, लिंकन यांनी सही केली, सुरुवातीला फक्त २०० पदकांची तरतूद. गंमत अशी की हे पदक फक्त खालच्या लोकांसाठी होतं: खलाशी, लँड्समन (म्हणजे समुद्र न पाहिलेले नवे भरती), मरीन वगैरे. आरमाराच्या अधिकाऱ्यांना ते मिळायची सोय १९१५ पर्यंत नव्हती. खुद्द फॅरागटला मेडल ऑफ ऑनर मिळू शकत नव्हतं, कूपरला मिळू शकत होतं. फॅरागटला बढती मिळाली, व्हाइस अॅडमिरल हे पदच त्याच्यासाठी तयार केलं, ते वेगळं.

१८६४ च्या मे महिन्यात कायद्यात भर पडली. लढाईतल्या पराक्रमासोबतच 'आपल्या पेशातल्या असामान्य धैर्यासाठी'ही पदक देता येईल, आणि सोबत १०० डॉलर. कूपरचं दुसरं पदक या दुसऱ्या कलमात बसतं. समोर शत्रू नव्हता, युद्ध जवळपास संपलेलं होतं.

आता एक शंका. मानपत्रात आगीची तारीख २६ एप्रिल १८६५ आहे. पण मोबीलचा तो कुप्रसिद्ध स्फोट २५ मे १८६५ चा. जप्त केलेला दारूगोळा एका गोदामात भरून ठेवला होता, तो उडाला. सुमारे ३०० माणसं गेली, शहराचा उत्तरेकडचा भाग जमीनदोस्त झाला, नदीतली जहाजंसुद्धा बुडाली. 'फुटणाऱ्या गोळ्यांनी चिंधड्या होण्याचा धोका' असं मानपत्रात म्हटलंय, ते वर्णन या स्फोटाला चपखल बसतं. पदकाचा आदेश निघाला २९ जूनला. मला वाटतं तारीख लिहिताना कारकुनाचा महिना चुकला असावा.

गलबतवाला

जुनी_वही, हे मलाही खटकत होतं. म्हणूनच वर तारीख न लिहिता 'पुढच्या वर्षी' एवढंच म्हटलं. २५ मेच जास्त पटतं. शहर १२ एप्रिलला हाती आलं, त्यानंतरच दक्षिणेच्या सैन्याने मागे टाकलेला दारूगोळा गोळा करून गोदामात साठवला गेला असणार.

आणि याच कारणाने मी दुसरं पदक मोठं म्हणतो. मोबील बेमध्ये कूपरला पर्याय नव्हता. जहाज थांबलं तर तोही थांबला, जहाज पुढे गेलं तर तोही गेला. मोबीलच्या आगीत त्याला कुणी 'आत जा' म्हटलं नव्हतं. एक गोळा फुटला की दुसरा कधी फुटेल याचा नेम नाही, आणि तरी पाठीवर माणूस घेऊन चालत बाहेर. तेही कालपर्यंत शत्रूच्या असलेल्या शहरात.

तिरकस

छाननीचं मान्य. पण 'पर्याय नव्हता' हे पटत नाही. तोफ सोडून खाली तळघरात पळणारे प्रत्येक लढाईत असतात. त्याच 'ब्रुकलिन'वरचा विल्यम ब्राउन बघा, कृष्णवर्णीय लँड्समन. गोळे वर चढवायच्या दोरांपाशी त्याचं काम. शत्रूच्या गोळ्यांनी ती जागा दोनदा माणसांपासून साफ झाली, तरी हा पठ्ठ्या तिथेच उभा. त्यालाही पदक मिळालं. त्याला पर्याय होता की, पळायचा.

गलबतवाला

हा मुद्दा मान्य. ब्राउनचं मानपत्र नमुन्यातलं नाही, त्याने काय केलं ते स्पष्ट लिहिलंय. त्याच जहाजावरचा जेम्स मिफ्लिन, इंजिनिअरांचा खानसामा, तोही कृष्णवर्णीय, त्यालाही त्याच जागेवरच्या कामासाठी पदक आहे.

लालपरी

हेच विचारायचं होतं. आयरिश लोक आणि कृष्णवर्णीय एकाच जहाजावर कसे काय नांदत होते? १८६३ च्या जुलैमध्ये न्यूयॉर्कमध्ये सक्तीच्या भरतीविरुद्ध दंगल झाली, त्यात आयरिश जमाव पुढे होता. कृष्णवर्णीय मुलांचा अनाथाश्रम जाळला. शंभराहून जास्त माणसं मेली. मग आयरिश माणसाला गुलामगिरीविरुद्धच्या युद्धाचा वीर म्हणायचं का?

जुनी_वही

लालपरी, प्रश्न योग्य आहे, पण 'आयरिश' असा एक माणूस नसतो. दुष्काळाने (१८४५ ते ५२) दहा लाख मेले आणि त्याहून जास्त देश सोडून गेले. बोस्टन-न्यूयॉर्कच्या गोदीत हमाली करणारा, दक्षिणेच्या बाजूने लढणारा आणि उत्तरेच्या आरमारात शिरलेला, तिघेही आयरिशच. उत्तरेच्या आरमारात ढोबळमानाने दर पाचातला एक जन्माने आयरिश होता. भरतीचं कारण बहुतेकांचं पोटाचंच. पगार, वर बक्षिसाची रक्कम. उत्तरेने दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी केली होती; ती मोडायला निघालेलं कापसाचं जहाज पकडलं की लिलावातली अर्धी रक्कम सरकारला, अर्धी पकडणाऱ्या जहाजावर वाटली जायची. याची भुरळ मोठी होती.

आरमारात कृष्णवर्णीय आणि गोरे पहिल्यापासून एकाच जहाजावर असत, लष्करासारख्या वेगळ्या पलटणी नव्हत्या. याचा अर्थ गोडीगुलाबी होती असा नाही. कृष्णवर्णीयांना बहुधा सगळ्यात खालचे हुद्दे मिळत. पण एका तोफेवर काम करायचं तर दोघांनाही एकमेकांवाचून चालत नव्हतं.

अवांतर: १ सप्टेंबर १८६२ पासून आरमाराने खलाशांची रोजची रम बंद केली आणि बदल्यात दिवसाला ५ सेंट जास्त दिले. म्हणजे मोबील बेमध्ये ही सगळी मंडळी सरकारी रमशिवाय लढली. 😀

गिरगावकर

अहो, एवढा वेळ वाट बघतोय, मुंबईचं नाव कुणी काढतच नाही!

मोबील आणि न्यू ऑर्लिन्स ही कापसाची दोन बलाढ्य बंदरं. न्यू ऑर्लिन्स १८६२ च्या एप्रिलमध्येच गेलं होतं. मोबीलची वाट फॅरागटने १८६४ च्या ऑगस्टमध्ये बंद केली. इंग्लंडातल्या लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकन कापूस मिळेना म्हणून मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. वऱ्हाड-खानदेशातल्या शेतकऱ्यापासून गिरगावातल्या दलालापर्यंत सगळे त्यात गुंतलेले. लोकांनी गाद्या उसवून आतला कापूस विकला अशी आठवण अजून सांगितली जाते. प्रेमचंद रायचंद याच लाटेवरचे राजे. राजाबाई टॉवर त्यांच्या देणगीतून उभा राहिला, नाव त्यांच्या आईचं.

बॅक बे रेक्लमेशनच्या शेअरसाठी लोक वेडे झाले होते. मग १८६५ च्या एप्रिलमध्ये दक्षिणेचा सेनापती ली याने शरणागती पत्करल्याची बातमी आली आणि भाव धाडकन कोसळले. १ जुलै १८६५ हा वायद्यांचा हिशोब चुकवायचा दिवस. त्या दिवशी मुंबईत किती पेढ्या बुडाल्या! म्हणजे बघा, कूपरच्या दुसऱ्या पदकाचा आदेश निघाला २९ जूनला आणि दोन दिवसांत आपल्या शेअर बाजाराचं दिवाळं निघालं.

जुनी_वही

गिरगावकर, त्याहून जवळचा धागा आहे. दक्षिणेची 'अलाबामा' ही लुटारू नौका १८६४ च्या जानेवारीत मलबार किनाऱ्यापाशी होती. तिथे तिने 'एमा जेन' हे अमेरिकन व्यापारी जहाज पकडून जाळलं. ते जहाज मुंबईहूनच निघालेलं, माल न भरता, ब्रह्मदेशातल्या अॅमहर्स्टला. पकडलेल्या खलाशांना केरळच्या अंजेंगोला उतरवलं. पुढे जूनमध्ये फ्रान्सच्या शेरबूर्गसमोर उत्तरेच्या 'किअरसार्ज'ने 'अलाबामा'ला बुडवलं. 'किअरसार्ज'वरच्या १७ जणांना मेडल ऑफ ऑनर मिळालं. त्यात आयरिश जन्माचा विल्यम स्मिथ होता, ११ इंची मागच्या तोफेवर.

गिरगावकर

वा! हे माहीत नव्हतं. मुंबईहून निघालेलं जहाज आपल्याच किनाऱ्यावर जळतंय आणि इथे फोर्टमध्ये शेअरचे भाव चढतायत. एकाच लढाईची दोन टोकं.

क्वीन्सकर

मी न्यूयॉर्कच्या क्वीन्समध्ये राहतो. कूपर १८९१ च्या ऑगस्टमध्ये वारला आणि त्याला ब्रुकलिनच्या सायप्रस हिल्स राष्ट्रीय दफनभूमीत पुरलंय. आमच्याकडून गाडीने फार लांब नाही. १८६२ मध्ये यादवी युद्धातल्या सैनिकांसाठी सुरू झालेल्या पहिल्या राष्ट्रीय दफनभूम्यांपैकी ती एक.

तिथला आणखी एक रहिवासी डॅन डेली. मरीन, दोनदा मेडल ऑफ ऑनर मिळालेला, एकदा चीनमध्ये बॉक्सर बंडाच्या वेळी आणि एकदा हैतीत. जन्म न्यूयॉर्कजवळचा, घराणं आयरिश. १९ दुहेरी मानकऱ्यांपैकी दोघे एकाच दफनभूमीत.

नावाबद्दल एक. दुसऱ्या नावाने भरती होणं तेव्हा अगदी नेहमीचं होतं. व्यापारी जहाज सोडून पळालेला, बंदरातल्या खाणावळवाल्याचं देणं थकलेला, घरच्यांना कळू नये असं वाटणारा, कुणीही नवं नाव सांगायचं आणि सही करायची. ओळखपत्र मागणारं कुणी नव्हतंच.

सोनचाफा

दुसऱ्या नावाच्या माणसाचं निवृत्तिवेतन कसं मिळत असेल पण? आमच्याकडे सातबाऱ्यावर काका-आजोबांच्या नावात एक वेलांटी चुकली तरी तलाठ्याकडे चपला झिजतात.

क्वीन्सकर

शपथपत्रं, ताई. बरोबरच्या खलाशांनी येऊन लिहून द्यायचं की 'हाच तो, मी याच्याबरोबर अमुक जहाजावर होतो.' विधवांना तर लग्नाच्या दाखल्यापासून सगळं सिद्ध करावं लागायचं. त्या काळच्या पेन्शनच्या फायलींमध्ये 'अमुक ऊर्फ तमुक' असं किती वेळा दिसतं!

तिरकस

दुहेरी मानकऱ्यांमध्ये आणखी आयरिश आहेत का? आणि कुणाला मजेशीर कारणासाठी मिळालंय का? माझा मूळ संशय अजून पूर्ण गेलेला नाही.

गलबतवाला

तिरकसराव, आहेत की. आयर्लंडच्या काउंटी मेयोतल्या बॅलिनरोबचा जॉन किंग, १९०१ आणि १९०९, दोन्ही वेळा बॉयलरच्या अपघातात. त्याच्या नावाची पुढे विनाशिका होती आणि गावात पुतळा आहे.

पण तुमच्यासाठी खास माणूस म्हणजे आयर्लंडमधल्या टायरोनचा जॉन लॅव्हर्टी. एका मानपत्रात आडनाव लॅफर्टी, दुसऱ्यात लॅव्हर्टी. मे १८६४, रोआनोक नदी. उत्तरेच्या 'वायलुसिंग' जहाजावरच्या पाच जणांनी ठरवलं की दक्षिणेची चिलखती नौका 'अल्बेमार्ल' सुरुंगाने उडवायची. दोन सुरुंग दलदलीतून ओढत नेले, काही जण कपडे काढून पाण्यात उतरले. पहारेकऱ्याने बघितलं, बेत फसला. पाचही जणांना पदक. लॅव्हर्टीच्या मानपत्रात त्याचं काम काय लिहिलंय माहितीय? सोबत्यांच्या कपड्यांवर आणि शस्त्रांवर पहारा.

तिरकस

कपडे सांभाळल्याबद्दल मेडल ऑफ ऑनर!! बघा, मी काय म्हणत होतो.

जुनी_वही

तिरकस, ते मानपत्र पुढेही वाचा. सुरुंग ओढणाऱ्यांत तोही होता आणि परत जहाजावर पोचेपर्यंत चोवीस तास पावसात, दलदलीत काढले, शत्रू मागावर असताना. शिवाय त्याचं दुसरं पदक १८८१ चं आहे, पेरूच्या कायाओ बंदरात. 'अलास्का'च्या बॉयलरची झडप फुटली, सगळीकडे वाफ, आणि याने भट्टीतले निखारे ओढून बाहेर काढले. ते करून दाखवा, मग कपड्यांबद्दल बोलू.

तिरकस

बरं बाबा. कपडेसुद्धा सांभाळणार नाही मी त्या दलदलीत. गलबतवाला, लॅव्हर्टीवर वेगळा धागा काढा, आणि त्यात 'अल्बेमार्ल' शेवटी कुणी उडवली तेही लिहा.

गलबतवाला

लेफ्टनंट कुशिंगने, त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, छोट्या वाफेच्या होडीच्या पुढे लांब दांड्याला सुरुंग बांधून. त्याच्याबरोबरच्या खलाशांना पदकं मिळाली. त्याला नाही, तो अधिकारी होता. धागा काढतो, पुढच्या आठवड्यात.